मखराची कमान एका कॅडमधून (कॉम्प्युटरवर ड्रॉइंग करायच्या प्रोग्राममधून) दुसऱ्या कॅडमध्ये नेताना

चवथ जवळ आली की फोंड्यात आमच्याकडे फोन सुरू होतात आणि त्यातले निम्मे मखराचे असतात. पूर्वी मेस्त, म्हणजे सुतार, घरी येऊन फळीवर पेन्सिलीने महिरप काढायचे आणि हाताने कापायचे, अजूनही काही जण तसं करतात आणि ते काम बघत बसावंसं वाटतं, पण आता बरीच मखरं १२ एमएम प्लायमध्ये राउटरवर, म्हणजे फिरत्या टूलने कापणाऱ्या कॉम्प्युटरवरच्या मशीनवर, कापली जातात आणि मशीनवर चढायच्या आधी ती कमान तीन-चार जणांच्या कॉम्प्युटरवरून फिरून आलेली असते. म्हापशाच्या कोणीतरी ऑटोकॅडमध्ये बाहेरचा आकार काढलेला, कुणाच्या तरी भाच्याने इंकस्केपमध्ये वेलबुट्टी केलेली, मग ते सगळं माझ्याकडे येतं, मी फ्रीकॅड नाहीतर सॉलिडवर्क्समध्ये नेऊन त्याला जाडी देते, खाचा बसवते, पुढच्या वर्षी सुटं करून माळ्यावर ठेवता येईल असे सांधे करते आणि परत सपाट रेषा करून कुंडईला कापायला पाठवते. ह्यातल्या दर उडीत काहीतरी सांडतं. काय सांडतं आणि ते कसं वाचवायचं ते एकदा नीट लिहून ठेवते, म्हणजे ऐन चवथीच्या तोंडावर कुणाचं प्लाय फुकट जायला नको. मखराचं उदाहरण घेतलंय, पण ग्रिल, गेट, जुन्या घराच्या खिडकीवरची लाकडी जाळी, नावाची पाटी, कशालाही हेच लागू आहे.

काय जातं आणि काय मागेच राहतं

एका कॅडमधून दुसऱ्यात जातात त्या फक्त रेषा. म्हणजे सरळ रेषा, वर्तुळं, कंस, पॉलिलाइन (एकमेकांना जोडलेले तुकडे), स्प्लाइन (मोकळी वळणदार रेषा) आणि ते कुठल्या लेयरवर, म्हणजे ड्रॉइंगच्या कुठल्या थरावर, आहेत ते. तुम्ही फ्यूजनमध्ये किंवा सॉलिडवर्क्समध्ये स्केच करताना जी नाती बांधलेली असतात, ही रेषा त्या रेषेला समांतर, हा कंस त्याला टेकलेला, डावी-उजवी बाजू सारखी, रुंदीचा आकडा बदलला की सगळी कमान आपोआप बदलेल, ती हुशारी व्यवहारात मागेच राहते. पलीकडे पोचतो तो त्या क्षणीचा फोटो, फक्त अचूक आकड्यांचा. म्हणून समोरच्याकडे तुमचाच प्रोग्राम असेल तर सरळ मूळ फाइल द्या, बाकी काही करू नका. आणि रेषा सपाट नसून हवेत वळलेल्या असतील, होडीच्या कडेसारख्या, तर स्टेप किंवा आयजीईएस ह्या ३डी फायलींनी पाठवा. सपाट स्केचसाठी मात्र डीएक्सएफ नावाची फाइल, दुसरा विचार करायचं कारण नाही.

डीएक्सएफ आलं १९८२ मध्ये, ऑटोकॅडच्या पहिल्या आवृत्तीबरोबरच, आणि ते आलंच मुळी दुसऱ्या प्रोग्रामांशी देवाणघेवाण करता यावी म्हणून. त्याची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट ही की नेहमीचं डीएक्सएफ म्हणजे साधी टेक्स्ट फाइल आहे, नोटपॅडमध्ये उघडते, वाचता येते. एका ओळीत कोड नंबर, खालच्या ओळीत त्याची किंमत. ० नंतर काय वस्तू आहे ते, ८ नंतर लेयरचं नाव, १० आणि २० नंतर सुरुवातीचे एक्स आणि वाय, ११ आणि २१ नंतर शेवटचे, वर्तुळ असेल तर ४० नंतर त्रिज्या. एकदा उघडून बघाच, भीती जाते, आणि पुढे फाइल बिघडली तर कुठे बघायचं ते कळतं. डीडब्ल्यूजीचं, म्हणजे ऑटोकॅडच्या स्वतःच्या फाइलचं, तसं नाही, ते बंद बायनरी आहे, उघडून वाचता येत नाही, म्हणून तर १९९८ मध्ये बऱ्याच कंपन्यांनी मिळून ओपन डिझाइन अलायन्स उभी केली. त्यांचा फाइल कन्व्हर्टर फुकट मिळतो, डीडब्ल्यूजी टाका आणि डीएक्सएफ काढा, फ्रीकॅडसुद्धा डीडब्ल्यूजी उघडायला त्याचीच मदत घेऊ शकतं. लिब्रेकॅडवाल्यांनी आधी डीएक्सएफच मागून घ्यावं, तेच बरं पडतं.

कुठल्या आवृत्तीचं डीएक्सएफ

सेव्ह ॲज केलं की लांबलचक यादी येते, आर १२, २०००, २००७, २०१०, २०१३, २०१८. कुंडईला, वेर्ण्याला जुन्या मशीनवर काम करणारे बरेच जण डोळे मिटून आर १२ मागतात, आणि त्यांचं चूक नाही, १९९२ ची ती आवृत्ती जवळपास सगळे प्रोग्राम वाचू शकतात. पण त्यात दोन गोष्टी नाहीत ते लक्षात ठेवा. एक, स्प्लाइन आणि लंबवर्तुळ आर १२ ला माहीतच नाहीत, त्यामुळे तुमची गोल वेल बारीक बारीक तुकड्यांची होऊन जाते. दोन, ड्रॉइंग एमएममध्ये आहे की इंचात हे लिहून ठेवायची जागाच त्यात नाही, ती २००० पासून आली. म्हणून माझी पद्धत अशी की कॅडमधून कॅडमध्ये नेताना २००० किंवा २००७ आणि अगदी शेवटी मशीनवाल्याने मागितलं तरच आर १२. लेयरची नावं किंवा मजकूर देवनागरीत असतील तर २००७ पासून पुढचंच घ्या, तिथून यूटीएफ-८ आहे, म्हणजे सगळ्या लिप्यांची अक्षरं त्यात मावतात, आधीच्यात अक्षरांची वाट लागू शकते. मी तर लेयरची नावं साध्या इंग्रजी अक्षरांत आणि आकड्यांतच ठेवते, मधे स्पेससुद्धा देत नाही.

पाठवायच्या आधी साफसफाई

हा भाग लोक टाळतात आणि मग पुढचा माणूस दोन दिवस त्यात घालवतो. मूळ फाइलला हात न लावता कॉपी करा आणि त्या कॉपीत फक्त कापायच्या किंवा उचलायच्या रेषा ठेवा. हॅच, टायटल ब्लॉक, टीपा, फर्निचर, मागे लावलेला फोटो, सगळं काढा. बाहेरून जोडलेली दुसरी फाइल (एक्सरेफ) असेल तर ती बाइंड करून आत घ्या, नाहीतर समोरच्याकडे तिथे नुसती रिकामी जागा. ब्लॉक, म्हणजे एकत्र बांधलेल्या रेषांचे गट, एक्स्प्लोड करून सुटे करा. मग ऑटोकॅडमध्ये ओव्हरकिल चालवा, एकावर एक पडलेल्या दुहेरी रेषा निघून जातात, त्या राहिल्या तर राउटर एकाच जागेवरून दोनदा जातो आणि प्लायची कड जळते, आणि ३डीमध्ये आकार बंदच होत नाही. नंतर पर्ज (न वापरलेलं सामान काढायला) आणि ऑडिट (फाइलमधल्या चुका शोधायला).

डायमेन्शन, म्हणजे ड्रॉइंगवर लिहिलेली मापं, काढून टाकायच्या आधी मात्र थांबा. एका वर्षी मला एक कमान आली, ड्रॉइंगवर रुंदी ९०० लिहिलेली, मी विश्वासाने घेतली, जाडी दिली, खाचा केल्या, कापून झालं, आणि देवघराच्या कोनाड्यात लावायला गेलो तर दोन्ही बाजूला नऊ-नऊ एमएमची फट. मेस्त माझ्याकडे बघून म्हणाले, "बाय, माप कोणी घेतलं हे?" घरी येऊन मूळ ड्रॉइंग मोजलं तर रेषा ८८२ ची होती. झालं असं होतं की कोनाडा परत मोजल्यावर ज्याने ड्रॉइंग काढलं त्याने रेषा न हलवता डायमेन्शनवरचा आकडा फक्त टाइप करून बदलला होता. डीएक्सएफमधून आकडा उचलला जात नाही, रेषा उचलली जाते. तेव्हापासून कुणाचीही फाइल आली की मी डायमेन्शन सिलेक्ट करून प्रॉपर्टीजमध्ये टेक्स्ट ओव्हरराइड बघते, तिथे काही लिहिलेलं असलं की तो आकडा हाताने टाकलेला, मग फोन करून विचारायचं की खरं काय. आणि जुन्या चिऱ्याच्या भिंतीतला कोनाडा असेल तर वर, मधे, खाली अशा तीन रुंद्या आणि दोन्ही कर्ण मागून घ्या, काटकोनात असणारा कोनाडा मला अजून भेटायचाय.

मग उघडी टोकं. स्क्रीनवर दोन रेषा टेकलेल्या दिसतात पण मधे शतांश एमएमची फट असते, आणि ३डीवाला प्रोग्राम म्हणतो आकार बंद नाही, जाडी देत नाही. ऑटोकॅडमध्ये हॅच किंवा बाउंडरी घेऊन आत क्लिक करा, बंद नसेल तर जिथे फट आहे तिथे लाल गोळे दाखवतो. पीएडिट घेऊन मल्टिपल, सगळं सिलेक्ट, जॉइन, आणि फझ डिस्टन्स, म्हणजे किती फटीपर्यंत जोडायचं ते, ०.०१ ठेवा. तिथे उगाच १ किंवा २ टाकू नका, नक्षीतली बारीक टोकं एकमेकांना चिकटून बसतात. ही फट बऱ्याचदा मीटरमध्ये काढलेल्या आणि तीनच दशांश ठेवून एक्स्पोर्ट केलेल्या फायलींत येते, मीटरचा तिसरा दशांश म्हणजे अख्खा एक एमएम, आणि मखराच्या सांध्यात एक एमएम खूप झाला.

झेडचं, म्हणजे उंचीच्या आकड्याचं, पण बघा. सपाट दिसणाऱ्या ड्रॉइंगमध्ये एखादी रेषा उंचावर तरंगत असते, वरून बघताना कळत नाही. फ्लॅटन चालवा किंवा सगळं सिलेक्ट करून प्रॉपर्टीजमध्ये झेड शून्य करा. ह्याचाच एक भाऊ आहे, तो जास्त छळतो: दुसऱ्या प्रोग्राममधून आलेला किंवा ३डीमध्ये उलटवलेला कंस. सगळ्या सरळ रेषा जागेवर आणि कंस मात्र आरशात बघितल्यासारखे पलीकडे उडालेले. कारण त्या कंसाची दिशा खाली तोंड करून असते, फाइलमध्ये २३० कोडपुढे उणे १ दिसतो, ऑटोकॅडमध्ये लिस्ट केलं की एक्स्ट्रूजन डायरेक्शन झेड उणे १ असं लिहून येतं, आणि काही प्रोग्राम ती ओळ वाचतच नाहीत. फ्लॅटनने बहुतेकदा सुटतं, नाहीच सुटलं तर ते चार कंस हाताने पुन्हा काढा, त्यावर संध्याकाळ घालवू नका.

अजून एक, शून्याजवळ या. कमानीच्या तळाचा मधला बिंदू शून्यावर आणून ठेवा. घराच्या सर्व्हे प्लॅनवरच कोणी गेट काढलेलं असेल तर ते खऱ्या जमिनीच्या आकड्यांवर बसलेलं असतं, गोवा यूटीएम ह्या नकाशाच्या मापपद्धतीत ४३ नॉर्थ झोनमध्ये येतो, उत्तरेचा आकडा साडेसोळा ते साडेसतरा लाख मीटर. एमएममध्ये ते झालं दीडशे कोटींच्या वर, तेवढ्या लांब गेलं की वर्तुळं थरथरतात, स्नॅप चुकतात, आणि काही ३डी प्रोग्राम तर इतक्या लांबचं काही घ्यायलाच तयार होत नाहीत.

आणि कमान दोन्ही बाजूंनी सारखी असेल तर अर्धीच पाठवा. मधली रेषा बरोबर शून्य एक्सवर, अर्धी महिरप, अर्धी वेल, पलीकडे गेल्यावर मिरर. निम्म्या रेषा, निम्म्या चुका, आणि डावीउजवीत केसभरही फरक राहत नाही. नऊ पाकळ्यांच्या महिरपीत मधली पाकळी अर्धी कापली जाते, तिचा कंस मधल्या रेषेवर काटकोनात संपतोय ना एवढं बघा, नाहीतर मिरर केल्यावर टोक येतं.

एमएम, इंच आणि काटकोनाची खूण

सगळ्यात जास्त प्लाय ह्याने फुकट जातं. डीएक्सएफमध्ये लिहिलेला असतो नुसता आकडा, ९००. वाचणाऱ्याने तो इंच समजला तर पलीकडे २२,८६० एमएमची, म्हणजे जवळजवळ तेवीस मीटरची कमान उभी राहते, ते तरी लगेच दिसतं. उलट झालं तर ३५.४ एमएमची, काड्यापेटीएवढी. फाइलमध्ये हेडरच्या भागात इनसयुनिट्स शोधा, खाली ७० आणि त्याखाली एक आकडा असतो: १ म्हणजे इंच, ४ म्हणजे एमएम, ५ सेंटीमीटर, ६ मीटर, ० म्हणजे काहीच सांगितलेलं नाही. ऑटोकॅडमध्ये युनिट्स कमांड देऊन इन्सर्शन स्केल एमएम करून सेव्ह केलं की तिथे ४ येतो. पण तेवढ्याने आकार बदलत नाही हां, ती फक्त चिठ्ठी आहे, इंचात काढलेलं ड्रॉइंग असेल तर आधी २५.४ ने स्केल करा आणि मग चिठ्ठी बदला.

एसव्हीजीचा, म्हणजे इंकस्केपसारख्या चित्रांच्या प्रोग्रामांच्या फाइलचा, घोळ वेगळा. इंकस्केपमध्ये एका इंचाला ९६ एकक असतात, पण २०१७ च्या ०.९२ आवृत्तीच्या आधी ९० होते, आणि इलस्ट्रेटर ७२ धरतो. म्हणून ९०० ची कमान कधी ८४३.७५ ची येते, कधी ६७५ ची, कधी १२०० ची, आणि एककालाच एमएम समजलं तर जवळजवळ ३,४०२ ची. असे आकडे दिसले की घाबरू नका, मोजलेला आकडा हव्या त्या आकड्याने भागा, उत्तर ०.९३७५, ०.७५, १.३३३ किंवा ३.७८ च्या जवळ आलं की कुठे घसरलं ते कळतं. १० आलं तर सेंटीमीटर, ३०४.८ आलं तर फूट. मनाने "थोडं मोठं करून" बसवू नका, एक अचूक आकडा शोधा आणि त्यानेच स्केल करा.

ह्यावर मी एक उपाय करते आणि तो मला फार उपयोगी पडलाय. प्रत्येक फाइलमध्ये वेगळ्या लेयरवर, कमानीच्या बाहेर खाली उजवीकडे, एक काटकोन काढून ठेवते, आडवा पाय १०० आणि उभा ५०. समोरच्याने फाइल उघडली की आधी तो मोजायचा. १०० आला तर माप बरोबर, उभा ५० आला तर एकाच दिशेने ताणलेलं नाही, आणि काटकोन उजवीकडेच खाली आहे म्हणजे आरशात उलटलेलंही नाही. नुसता चौकोन काढला तर उलटलेलं कळत नाही, म्हणून पाय लहानमोठे. फोनवर सुद्धा सांगता येतं, "तुमचा काटकोन किती दाखवतो?" कापायच्या आधी तो लेयर बंद करायचा.

श्री मंगेश प्रसन्न, आणि बाकी अक्षरं

मखराच्या वर किंवा दारावरच्या पाटीवर देवाचं नाव हवंच असतं. अक्षरं टेक्स्ट म्हणून पाठवू नका, कधीच नको. समोरच्याकडे तो फॉन्ट नसतो, ऑटोकॅडच्या नेहमीच्या एसएचएक्स फॉन्टांत देवनागरी नसते, मग चौकोन किंवा प्रश्नचिन्हं येतात, जोडाक्षरं फुटतात, पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते. इंकस्केपमध्ये नाव लिहा, ऑब्जेक्ट टू पाथ करा, अनग्रुप करा, आणि आता महत्त्वाचं, सगळी अक्षरं निवडून युनियन करा. देवनागरीत हे केल्याशिवाय चालतच नाही, कारण प्रत्येक अक्षराची शिरोरेषा स्वतंत्र तुकडा असतो आणि शेजारच्या अक्षरावर थोडी चढलेली असते. युनियन न करता पाठवलं तर मशीनला शिरोरेषेवर आडव्याउभ्या कापाच्या रेषा दिसतात आणि मंगेशचे तीन तुकडे हातात येतात. युनियननंतर व्ह्यू आउटलाइनमध्ये टाकून एक एक जोड बघून घ्या, मात्रा, अनुस्वार सुद्धा. अनुस्वाराचा टिंब तर सुटाच असतो, अक्षरं मोकळी कापून भिंतीवर लावायची असतील तर त्याला बारीक देठ देऊन शिरोरेषेला जोडा. आणि उलट, पाटीतून अक्षरं आरपार कापायची असतील तर म, ब, व ह्यांच्या पोटातली जागा गळून पडते, तिथे तीन-चार एमएमचे पूल सोडा.

एक्स्पोर्ट करताना सेव्ह ॲजमध्ये डेस्कटॉप कटिंग प्लॉटर, डीएक्सएफ आर १४ निवडा, बेस युनिट एमएम.

वक्र रेषा

इंकस्केप, फ्यूजन आणि बाकीचे वेल स्प्लाइनमध्ये देतात, आणि कॅडमधून कॅडमध्ये ती तशीच जाऊ द्या, गुळगुळीत राहते. मशीनवाल्याला मात्र बहुतेकदा कंस आवडतात. ऑटोकॅडमध्ये प्लाइनकन्व्हर्टमोड १ करा आणि मग स्प्लाइनएडिटने पॉलिलाइन करा, रेषांच्या तुकड्यांऐवजी कंसांचे तुकडे होतात, राउटर सरळ वाहत जातो, दर तुकड्याला अडखळत नाही.

स्केचअपमधून आलेली फाइल असेल तर खास लक्ष द्या. स्केचअपमध्ये वर्तुळ म्हणजे मुळात २४ बाजूंचा बहुकोन असतो. ३०० एमएम व्यासाचं प्रभावळीचं वर्तुळ घेतलं तर बाजूच्या मध्यावर ते खऱ्या वर्तुळापासून १.२८ एमएम आत असतं, पॉलिश केल्यावरसुद्धा हाताला कोपरे लागतात. काढतानाच ९६ बाजू दिल्या तर तो फरक ०.०८ वर येतो. पण त्याहून चांगलं म्हणजे दुसऱ्या कॅडमध्ये गेल्यावर तीन बिंदूंतून खरं वर्तुळ काढा आणि तो बहुकोन पुसा. दहा वर्तुळांना पाच मिनिटं लागतात.

पलीकडे घेताना

फ्रीकॅडमध्ये डीएक्सएफ इम्पोर्ट केलं की ते स्केच म्हणून येईलच असं नाही, सुटे आकार येतात. सगळं निवडा, ड्राफ्ट वर्कबेंचमध्ये ड्राफ्ट टू स्केच करा, मग स्केचर वर्कबेंचमध्ये व्हॅलिडेट स्केच उघडा, टॉलरन्स देऊन फाइंड करा, जिथे टोकं टेकलेली आहेत पण जोडलेली नाहीत ती सगळी दाखवतो, फिक्स केलं की जोडून टाकतो. हे न करता पॅड करायला, म्हणजे जाडी द्यायला, जाल तर अर्ध्या वेळा नकार मिळेल. पूर्ण जाळी एका स्केचमध्ये भरू नका, हजारभर तुकडे झाले की सॉल्व्हर दमतो आणि तुम्ही पण. बाहेरची कड एक स्केच, वेल दुसरं, अक्षरं तिसरं.

सॉलिडवर्क्समध्ये ओपन करून डीएक्सएफ निवडलं की एक विझार्ड येतो, त्यात नवीन पार्टमध्ये २डी स्केच म्हणून घ्या, पुढच्या पानावर लेयर निवडा, डेटाचं युनिट स्वतः एमएम करा, तो काय सुचवतोय त्यावर जाऊ नका, आणि मर्ज पॉइंट्सची खूण करून ०.०१ द्या. आधीच्या पार्टमध्येच हवं असेल तर आधी पातळी निवडून इन्सर्ट मेनूतून घ्या. मग रिपेअर स्केच. फ्यूजनमध्ये इन्सर्ट डीएक्सएफ, पातळी, युनिट, झालं, आणि लेयरनुसार वेगवेगळी स्केचेस करून घेता येतात ते घ्या.

आलेलं स्केच सगळीकडे मोकळं असतं, म्हणजे माउस चुकून ओढला की एक पाकळी सरकते आणि कळतही नाही. आल्या आल्या सगळं निवडून फिक्स करा, फ्रीकॅडमध्ये त्याला ब्लॉक कन्स्ट्रेंट आहे. पुष्कळ जण इथे आलेल्या प्रत्येक रेषेला माप आणि नाती द्यायला बसतात, माझं मत आहे की ते करू नये. आलेली नक्षी आहे तशी बांधून ठेवा, आणि जे पुढे बदलणार आहे, बाहेरची चौकट, खांबांची रुंदी, खाचा, सांधे, ते त्याच्यावर स्वतः नवीन स्केच करून काढा, तुमच्या मापांसह. पुढच्या वर्षी कोनाडा बदलला, घर बदललं, तर चौकट दहा मिनिटांत बदलते आणि वेल तशीच राहते. खाच तर आयती घेऊच नका, १२ म्हणून विकलेलं प्लाय कॅलिपरने मोजलं की अगदी १२ भरत नाही, पावसाळ्यात फुगतंही, म्हणून जे प्लाय हातात आलंय ते मोजून खाच ठरवायची.

फक्त पीडीएफ असेल तर मोठं करून बघा, रेषा फुटल्या तर तो फोटो आहे, त्यावरून काढावंच लागेल. रेषा धारदार राहिल्या तर ऑटोकॅड २०१७ पासून पीडीएफ इम्पोर्ट आहे, इंकस्केपही उघडतं, पण माप एका ओळखीच्या लांबीवरून पुन्हा लावून घ्यावं लागतं.

परत सपाट करून मशीनकडे

३डीमधून परत येताना ड्रॉइंग शीटवरून डीएक्सएफ काढू नका, निदान स्केल न बघता नको. शीट १:५ असेल तर ९०० ची कमान १८० ची होऊन जाऊ शकते. सॉलिडवर्क्समध्ये त्या पृष्ठभागावर राइट क्लिक करून एक्स्पोर्ट टू डीएक्सएफ आहे, फ्यूजनमध्ये पृष्ठभाग नवीन स्केचमध्ये प्रोजेक्ट करून ते स्केच डीएक्सएफ म्हणून सेव्ह होतं, फ्रीकॅडमध्ये ड्राफ्टमधला शेप २डी व्ह्यू घेऊन तो एक्स्पोर्ट करा. मग ती फाइल तुमच्या ३डीमध्ये न उघडता तिसऱ्याच प्रोग्राममध्ये उघडा, मी लिब्रेकॅड ठेवलंय ह्याच कामाला, फुकट आहे आणि हलकं आहे, आणि काटकोन मोजा, रुंदी मोजा, आतल्या एका पाकळीची त्रिज्या मोजा.

आरपार कापायचं एका लेयरवर, अर्धी खोली कोरायचं दुसऱ्या, भोकं तिसऱ्या. राउटरचं टूल गोल असतं, ६ एमएमचं टूल आतल्या कोपऱ्यात ३ ची गोलाई सोडतंच, त्यामुळे खाचेच्या आतल्या कोपऱ्यांना कान, म्हणजे कोपऱ्याबाहेर जाणारी छोटी गोल खोबण, काढा म्हणजे समोरची पट्टी पूर्ण आत बसते. टूलची जाडी तुम्ही स्वतः रेषेतून वजा करायची की मशीनवाला करणार हे आधीच विचारून घ्या, दोघांनीही केली तर पट्टी आत जातच नाही आणि कोणीच नाही केली तर सांधे ढिले.

शेवटी एक कोपरा, साधारण २०० बाय २०० चा, महिरप आणि एक खाच त्यात येईल असा, कागदावर खऱ्या मापात छापून मेस्तांना द्या. ते तो प्लायवर ठेवतील, बोट फिरवतील आणि कुठे बारीक आहे, कुठे तुटेल ते लगेच सांगतील. मग फाइलच्या नावात एमएम, प्लायची मोजलेली जाडी आणि तारीख टाका, जुन्या फायली मशीनवाल्याच्या पेनड्राइव्हवरून पुसायला सांगा, आणि कापायला पाठवा.